दिवेलागणीनंतरचा गुरुवार

१० जानेवारी २००२, गुरुवार

पुंडलिकचं कागद-वह्यांचं दुकान आहे. जानेवारीचा पहिला आठवडा सरला की उरलेल्या डायऱ्या तो ओळखीच्यांच्या गळ्यात घालतो. दर वर्षी मी ती माझ्या मुलीला, शीतलला देतो, ती तिच्यात कॉलेजची गणितं करते. यंदा पुंडलिक म्हणाला, "गोविंदराव, ह्या वर्षी तुम्ही लिहा की काहीतरी. नुसतं अस्तर आणि फॉल विकून माणूस मरतो काय?" म्हणून लिहितोय. जेवण झालंय, पोटऱ्या दुखतायत, बरं वाटतंय.

आज धावण्याचा दिवस होता. आम्ही चौघं. शेषगिरी बँकेत आहे. तो कॉलेजात शर्यती धावायचा आणि आम्हाला ह्या नादाला त्यानंच लावलं. पुंडलिक. सायकलच्या दुकानाचा गणपत. आणि मी, हुबळीच्या दुर्गदबैल बाजाराजवळचा मॅचिंग सेंटरवाला. दर गुरुवारी सात वाजता विद्यानगरातल्या माझ्या फाटकापासून निघायचं, उणकल तळ्यावरून धारवाड रस्त्यानं नवनगरच्या पहिल्या चौकापर्यंत, तिथं चहा, आणि परत.

नियम दोनच. एक, पुढच्या माणसानं रस्ता बघायचा. खड्डा दिसला की ओरडायचं, "गुंडी!" गुंडी म्हणजे कानडीत खड्डा. मागच्यानं ते ऐकून त्याच्या मागच्याला सांगायचं. पुढं धावायची पाळी दर गुरुवारी बदलते. दुसरा नियम गणपतचा. ज्या घरी कोणी वारलेलं असेल त्या घरावरून धावायचं नाही. कोपऱ्याला थांबायचं, चालत पुढं जायचं, घर मागं पडलं की पुन्हा धावायचं. गणपत म्हणतो, "रडणाऱ्या माणसांपुढनं बूट आपटत जाणं बरं दिसत नाही." आज उणकलला एका दारात शेकोटी पेटवून माणसं बसली होती. आम्ही चौघं मान खाली घालून चालत गेलो. एका म्हाताऱ्यानं आम्हाला नमस्कार केला.

आमच्या घराण्यातला मीच पहिला, जो दिवे लागल्यावर बाहेर पडतो. आजोबा निपाणीहून हुबळीला आले तेव्हापासूनची आमची रीत आहे. दिवेलागणीला दुकानाच्या फळ्या लावायच्या आणि पुरुषांनी घरात यायचं. "लक्ष्मी आत येते तेव्हा आपण बाहेर कशाला?" असं आजोबा म्हणत. माझ्या वडिलांनी, अप्पांनीही मरेपर्यंत पाळलं. बाजारात लोक त्याचं कौतुक करायचे. ती रीत मी मोडली. त्याचा मला अजून थोडा गर्व आहे, खोटं कशाला लिहू.

रस्त्यावरचे दिवे अलीकडे फार मंद झालेत. बल्ब बदलायला कोणाला सवड दिसत नाही.

२६ जानेवारी, शनिवार

झेंडावंदन करून आलो. दुकान बंद. सुरुवातीचे दिवस आठवत बसलो होतो.

चौऱ्याण्णव साल. तेव्हा गुरुवारी संध्याकाळी आमच्या भागात वीज जायची, ती दोन-तीन तास यायची नाही. मेणबत्तीवर अबोली कुठला आणि गुलाबी कुठला, कोण ओळखणार? म्हणून आमच्या ओळीतली दुकानं गुरुवारी लवकर बंद व्हायची. एका गुरुवारी आम्ही तिघं पुंडलिकच्या पायरीवर डास मारत बसलो होतो. शेषगिरी बँकेतून येता येता थांबला. म्हणाला, "असं बसून सडताय कशाला? बर्री, ओडूण." म्हणजे चला, धावू या. गणपत म्हणाला, "कोण मागं लागलंय आमच्या?" पण उठला. मी चपलांनी धावलो. पुंडलिकनं धोतर खोचलं होतं. तेव्हा तो धोतर नेसायचा. उणकलपर्यंत गेलो आणि तिथं बांधावर आडवे झालो. वर इतक्या चांदण्या होत्या की पुंडलिक म्हणाला, "वीज गेली ते एक बरं झालं."

वीज मग सुधारली. गुरुवार राहिला. त्या काळोखात मी पुढं असायचो आणि मैलाचे पांढरे दगड लांबून ओळखायचो. गणपत मला घुबड म्हणायचा.

७ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्यातून आत्ताच आलो.

आज पुढची पाळी माझी होती. तळ्याच्या अलीकडे पाण्याच्या नळासाठी चर खणलाय, तो मला दिसलाच नाही. मी त्याच्या कडेनं गेलो असणार, कसा ते देवाला ठाऊक. मी ओरडलो नाही. माझ्या मागं गणपत होता. आधी धप्प असं ऐकलं, मग त्याची हाक. "अण्णा!" एवढंच म्हणाला.

पाय घोट्याच्या वर मोडलाय. शेषगिरीनं रिक्षा थांबवली, पुंडलिकनं त्याला उचललं. दवाखान्याच्या बाकावर मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो, "अरे, दिवा नव्हता रे तिथं. दिवा असता तर..." पुंडलिकनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "होय की. कोणालाही दिसला नसता."

शेषगिरी भिंतीशी उभा होता. तो माझ्याकडे बघत होता. नीट सांगता येत नाही, पण रागानं नव्हे.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

गणपतला भेटायला गेलो. पाय प्लॅस्टरमध्ये, उशीवर चढवून ठेवलेला. मला बघून म्हणाला, "या घुबडराव. माझ्या दुकानात आता पंक्चर कोण काढतंय सांगू? मेव्हणा. पंक्चर एक असतं, तो चार करतोय."

हसलो. त्याची बायको पद्मा चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता म्हणाली, "अण्णा, त्या चरापाशी कंदील लावलेला होता म्हणे. तांबडा. गड्यांनी दोन्ही बाजूला लावला होता, असं शेषगिरीअण्णा म्हणाले."

"वाऱ्यानं विझला असेल," गणपत घाईनं म्हणाला.

"त्यांनी पेटलेला बघितला."

"तू साखर आण बघू. कमी पडली."

चहात साखर बरोबर होती. मी घरी येईपर्यंत विचार करत होतो. कंदील गणपत पडल्यावर कोणीतरी आणून ठेवला असणार. अपघात झाला की सगळ्यांना कंदील आठवतात.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

गणपत नाही, तरी तिघं धावलो. आजचा प्रकार लिहिण्यासारखा आहे. पुंडलिक डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. पांढरा बनियन, पांढरी पँट, वर पांढरी टोपी. "निवडणुकीला उभा राहतोस काय?" मी विचारलं. म्हणाला, "लॉरीवाल्यांना दिसायला पाहिजे की." आणि शेषगिरीनं उजव्या बुटाला चक्क घुंगरू बांधलेलं. बैलाच्या गळ्यातलं असतं तसं, लहान. खुळखुळ करत माझ्या पुढं.

"हे काय सोंग?"

"नायी री, नायी," तो कानडीत म्हणाला. "म्हणजे कुत्री. आवाजानं लांब राहतात."

बँकेत साहेब असलेला माणूस! पण गंमत अशी की त्या आवाजाच्या मागं धावायला बरं वाटतं. पाऊल आपोआप पडतं. आज मी एकदाही ठेचकाळलो नाही.

२१ मार्च, गुरुवार

हे सकाळी लिहितोय. आता रात्री लिहीत नाही. नवी ट्यूब लावलीय तिचा उजेड बरोबर नाही, ओळी एकात एक जातात.

मागच्या आठवड्यात पुढची पाळी माझी होती, ती शेषगिरीनं घेतली. त्याच्या आधीच्या वेळी पुंडलिकनं. वाईट वाटलं. गणपतच्या पायाचं खापर माझ्यावर फोडायचं असेल तर तोंडावर फोडावं. काल पुंडलिकच्या दुकानात जाऊन सरळ विचारलं.

तो रद्दी बांधत होता. सुतळीची गाठ मारून झाल्यावर म्हणाला, "गोविंदराव, राग मानू नका. तुम्ही पुढं असला की वेग फार वाढतोय. आम्हाला झेपत नाही."

असं होय. मला ह्याचा अंदाजच नव्हता. पंचेचाळिशीत माझा वेग वाढलाय. घरी बायकोला, रुक्मिणीला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता थांबली, मग म्हणाली, "असेल की."

२ मे, गुरुवार

शेषगिरीनं उन्हाळ्यापुरती वेळ सहाची केली. सुंदर चाललंय. उजेडात तळं चमकतं, बगळे दिसतात. मी आज हट्टानं पुढं धावलो आणि "गुंडी!" असं इतक्यांदा ओरडलो की पुंडलिक म्हणाला, "अहो, तो खड्डा रस्त्याच्या पलीकडचा होता!"

दुकानात मात्र कटकट. एक बाई संध्याकाळी मोरपंखी साडीवरच्या ब्लाउजला अस्तर घेऊन गेल्या, आज सकाळी परत घेऊन आल्या. मी काळं दिलं होतं. "अण्णा, हे काय दिलंय? लग्नघर आहे आमचं!" मी माफी मागितली. दुकानातल्या ट्यूबाही बदलायला हव्यात. रुक्मिणी आता रोज दिवेलागणीला दुकानात येऊन बसते. म्हणते घरी कंटाळा येतो. रंग तीच काढून देते. वीस वर्षांत कधी कंटाळा आला नव्हता तिला.

११ जुलै, गुरुवार

भांडण झालं.

वेळ पुन्हा सातची झालीय. चहाच्या टपरीवर शेषगिरी म्हणाला, "गोविंदण्णा, आपण रविवारी सकाळी धावू या काय? हा रस्ता आता बरोबर राहिला नाही. लॉऱ्या फार."

"लॉऱ्या चौऱ्याण्णवमध्ये नव्हत्या?"

"सकाळी हवा चांगली," पुंडलिक म्हणाला.

"तू सकाळी आठशिवाय उठत नाहीस, तुला हवा काय माहीत?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. ते बघणं मला सहन झालं नाही. मी म्हटलं, गणपतचं धावणं गेलं, आता गुरुवारही घालवा. रविवारी सकाळी धावणारी माणसं वेगळी असतात, ती डॉक्टरनं सांगितलं म्हणून धावतात. आपण वीज गेली म्हणून धावलो. अंधार आपला होता. एवढं बोललो आणि मला माझीच लाज वाटली, कारण टपरीवाला पातेलं धरून ऐकत होता.

शेषगिरी हळूच म्हणाला, "आत री, चालेल. गुरुवार तर गुरुवार." परतीच्या वाटेवर त्याचं घुंगरू माझ्या अगदी जवळ वाजत होतं.

१० ऑगस्ट, शनिवार

परवा गुरुवारी मी उभ्या टेंपोवर जाऊन आदळलो. पावसाची भुरभुर होती. पुंडलिक ओरडला, मी आवाज ऐकून वळलो, पण उलट्या बाजूला. भुवईवर टाके पडले. टेंपो पिवळा होता, असं नंतर कळलं.

काल टाके दाखवायला पुन्हा दवाखान्यात गेलो, तेव्हा शेषगिरी म्हणाला, "आता आलोच आहोत तर डोळेही दाखवू." त्यानं आधीच नंबर लावून ठेवला होता. ते काल लक्षात आलं नाही, आज आलं.

डॉक्टर तरुण आहेत. डोळ्यात थेंब घातले, बराच वेळ बघत राहिले. मग एका यंत्रात डोकं ठेवायला लावलं आणि दिवा दिसला की बटण दाबा म्हणाले. मी वाट बघत बसलो. दिवा लागतच नव्हता. मी म्हटलं, "यंत्र बंद पडलंय काय?" ते म्हणाले, "नाही काका. चालू आहे."

डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. कडेकडेनं पडदा निकामी होत येतो. आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं. मधलं काही वर्षं राहील. मग तेही.

"औषध?"

"नाही."

"ऑपरेशन?"

"नाही काका. कुठंही नाही. तुम्ही मुंबईला जाल, मद्रासला जाल, ते हेच सांगतील. मी आधीच सांगतो म्हणजे हेलपाटे वाचतील."

मला तो मुलगा आवडला. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला होतं? वडील, आजोबा? रात्री दिसत नाही, असं कोणी म्हणायचं?"

मी म्हटलं, "नाही. आमच्यात कोणाला नाही."

म्हणता म्हणता आजोबा आठवले. दिवेलागणीला भिंतीला हात लावत माजघरात येणारे. मग अप्पा, ताट पुढं आलं की आधी बोटांनी भात कुठं आहे ते बघणारे. आणि दिवेलागणीला घरात येणारी ती लक्ष्मी.

डॉक्टर म्हणाले, "मुलं असतील तर एकदा तपासून घ्या."

१२ ऑगस्ट, सोमवार

रुक्मिणीला सांगायला तीन दिवस धीर झाला नाही. आज सकाळी सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही जिन्यात भिंत धरायला लागला तेव्हापासून. सासूबाईंनी मला लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं. ह्या घरात संध्याकाळी पाट वाटेत ठेवायचा नाही म्हणून."

"आणि तू मला धावू दिलंस?"

"तुम्ही गुरुवारी इतके खूश असायचा की हो." थोडा वेळ तिनं शेंगाच मोडल्या. "शेषगिरीअण्णांना मीच बोलले. संक्रांतीला. मग ते म्हणाले, बघतो."

म्हणजे चराच्या आधीपासून शेषगिरीला कल्पना होती. तरी माझी पाळी त्यानं काढून घेतली नाही. मला वाईट वाटेल म्हणून. आणि गणपतचा पाय गेला. आणि पुंडलिकच्या त्या पांढऱ्या टोपीला मी हसलो.

शीतलला तपासायला न्यावं का, असं मी विचारलं. रुक्मिणीनं हातातली शेंग खाली ठेवली. "औषध आहे का?"

"नाही."

"मग कळून काय करायचंय? कोल्हापूरची माणसं दिवाळीनंतर तिला बघायला येणार आहेत. तपासलं की कागद होतो. कागद झाला की चार माणसांना कळतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला कोणी सांगितलं नव्हतं लग्नाआधी. मी नांदलेच की."

तेवढ्यात शीतल वरून खाली आली, पायऱ्या भराभर उतरत. भिंतीला हात न लावता. पण तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

कालचा गुरुवार लिहून ठेवतो. तो विसरायचा नाही.

मी येणार नाही असं कळवलं होतं. सात वाजता फाटकाशी घुंगरू वाजलं. शेषगिरीच्या हातात टॉवेल होता, पंच्याएवढा. म्हणाला, "एक टोक तुम्ही धरा, एक मी. बास."

"लोक हसतील."

"लोकांना काय कळतंय? घाम पुसायला आणला म्हणतील."

पुंडलिक म्हणाला, "दोघांना एकच टॉवेल! बँकेत पगार कमी झाला काय हो?"

धावलो. पहिला थोडा वेळ मी पाय बिचकत टाकत होतो. मग टॉवेल ताणला की तो पुढं आहे, सैल झाला की हळू, खाली ओढला की गुंडी, एवढं हाताला कळलं, आणि मी बघणंच सोडून दिलं. तळ्याच्या वाऱ्याचा वास आला. चिखलाचा, शेवाळाचा. चौऱ्याण्णवचाच वास. नवनगरच्या अलीकडे शेषगिरी म्हणाला, "वाढवू काय?" मी म्हटलं, "वाढव." मागून पुंडलिक ओरडत होता, "अरे, माणसं आहात का बैल?" घुंगरू तर वाजतच होतं. मी मोठ्यानं हसत होतो. आठ वर्षांत इतकं जोरात कधी धावलो नव्हतो.

टपरीवर गणपत बसलेला होता. काठी घेऊन, मेव्हण्याच्या स्कूटरवर आला होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. तो म्हणाला, "बसा घुबडराव. माझा पाय आणि तुमचे डोळे, दोन्ही मिळून एक माणूस होत नाही. चहा घ्या."

परत आलो. फाटकाशी टॉवेल परत दिला. तो शेषगिरीनं घडी घालून खिशात ठेवला, पुढच्या गुरुवारसाठी.

२६ ऑगस्ट, सोमवार

समोरच्या रूपाक्कांनी रुक्मिणीला विचारलं, "काय हो, गोविंदरावांना धरून नेत होते परवा? डोळ्यांचं काही आहे काय?" रुक्मिणी म्हणाली, पायात गोळा आला होता.

रूपाक्कांची बहीण कोल्हापूरला दिली आहे. शीतलला बघायला येणाऱ्यांच्याच गल्लीत.

रुक्मिणीनं फक्त हे सांगितलं आणि आत गेली.

२९ ऑगस्ट, गुरुवार

संध्याकाळी पाच वाजता, उजेड असताना, मीच पुंडलिकच्या दुकानात गेलो. शेषगिरीलाही बोलावून घेतलं होतं. घरून पाठ करून गेलो होतो.

म्हटलं, "आमच्या घरी दिवे लागल्यावर पुरुषांनी बाहेर पडायचं नाही अशी जुनी रीत आहे. मी इतकी वर्षं मोडली. आता शीतलचं बघतोय. कोल्हापूरची माणसं जुन्या वळणाची आहेत. तेव्हा आता पाळायचं ठरवलंय."

दोघांना सगळं माहीत. मला माहीत की त्यांना माहीत. तरी मी आजोबांच्या आवाजात बोललो. लक्ष्मीसुद्धा मध्ये आणली. बोलताना कळलं की आजोबांनीही हे असंच कुठल्यातरी दुकानात उभं राहून पहिल्यांदा म्हटलं असणार, आणि समोरच्या दोघांनी असंच ऐकून घेतलं असणार.

पुंडलिक म्हणाला, "रीत म्हटल्यावर रीत. आम्ही कोण बोलणार?" आणि उगीच वह्यांचा गठ्ठा सारखा करायला लागला. तो आधीच सारखा होता.

शेषगिरी म्हणाला, "टॉवेल नाही धरला तर? मी नुसता शेजारी राहीन. बोलत राहीन. कोणाला काय दिसणार?"

"नको रे."

"गोविंदण्णा..."

"नको. एकदा पडलो तर सगळं संपलं. मुलीचं आहे."

तो मग म्हणाला, "हौद री," म्हणजे होय. मला घरापर्यंत सोडायला दोघंही आले. अजून उजेड होता, गरज नव्हती.

१० ऑक्टोबर, गुरुवार

लिहिण्यासारखं काही नसतं. साडेसहाला घरात येतो. दुकान रुक्मिणी बंद करते. बाजारात दोघा-तिघांनी म्हटलं, गोविंदराव वडिलांच्या वळणावर गेले, चांगलं झालं. शेजारचे सराफ तर म्हणाले, "ह्या काळात कोण पाळतंय असं?"

पुंडलिक आणि शेषगिरी अजून धावतात. आता पुंडलिकच्या घरापासून निघतात आणि मागच्या गल्लीनं मोठ्या रस्त्याला लागतात. माझ्या दारावरून जात नाहीत. मला ऐकू येऊ नये म्हणून. मी ओसरीवर बसतो तेव्हा सात वाजता मागून अगदी बारीक घुंगरू ऐकू येतं. वारा असला तर येत नाही.

घुंगरू कुत्र्यांसाठी आहे, असं शेषगिरी म्हणाला होता. आता मी मागं नाही, तरी त्यानं ते सोडलेलं नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

कोल्हापूरची माणसं येऊन गेली. पसंती आहे. त्यांनी दुपारची वेळ मागितली होती, ते बरं झालं. मुलाचे वडील माझ्याशी बोलता बोलता म्हणाले, "तुमच्या घराण्याची संध्याकाळची रीत ऐकली. असं घर मिळायला भाग्य लागतं."

मी हात जोडले.

संध्याकाळी शीतल गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली येत होती. जिन्यातला दिवा लावलेला नव्हता. मी खाली उभा राहून ऐकत होतो. पायऱ्या ती भराभर उतरते. मधल्या वळणावर तिचं पाऊल थांबलं. पुन्हा सुरू झालं. एखादा कपडा पडला असेल, तो उचलला असेल. 

१४ नोव्हेंबर, गुरुवार

मागची गल्ली गटारासाठी खणलीय. आज सकाळी दुधवाला सांगत होता, तिकडनं सायकलही जात नाही. तेव्हाच माझ्या मनात आलं की आज ते इकडून येणार.

साडेसहापासून ओसरीवर बसलो. समोर काळं. रूपाक्कांच्या दारावरचा दिवा तेवढा दिसतो, तोही नळीतून बघितल्यासारखा. रुक्मिणी आत कुकर लावत होती, शीतल तिच्या खोलीत गुणगुणत होती. साखरपुड्याची साडी आली आहे, तिला फॉल मीच काढला, सकाळच्या उन्हात.

सात वाजून गेल्यावर वळणावर घुंगरू ऐकू आलं. दोघांची पावलं. शेषगिरीची हलकी, पुंडलिकची जड, टाच आपटणारी. मी सरळ होऊन बसलो. म्हटलं हाक मारतील. मी काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं. "वेग कमी झालाय तुमचा," असं म्हणणार होतो.

कोपऱ्याला पावलं थांबली.

मग चालण्याचा आवाज आला. दोघंही चालत होते, बरोबरीनं, हळू. घुंगरू वाजत नव्हतं. वाकून हातात धरलं असणार. फाटकासमोरून गेले तेव्हा त्यांच्या श्वासाचा आवाज मला आला. हाक आली नाही. 

रुक्मिणी हात पुसत बाहेर आली. गणपतचा नियम तिला ठाऊक आहे. म्हणाली, "चालत गेले ना ते? आपल्या गल्लीत कोणाचं काही झालं की काय हो?"

मी म्हटलं, "नसेल. पुंडलिकला दम लागला असेल."

ती मग आत गेली आणि ओसरीचा दिवा लावला, माझ्यासाठी.

पुढच्या वळणाला त्यांनी पुन्हा धावायला सुरुवात केली. घुंगरू वाजायला लागलं. तळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ऐकू येत होतं.